मार्सलीचं नाक

तांब्याच्या नळीतून पहिली धार ठिबकू लागली, तशी इशबेल वास घ्यायला वाकली; काहीच येईना. सर्दीनं तिचं नाक ठार बंद होतं. डोंगरावरची झुडपं काठीनं झोडपून गोळा केलेली यंदाची सगळी जुनिपरची फळं भट्टीत मद्यार्कात उकळत होती. सुरुवातीची उग्र धार ओतून द्यायची आणि फळाचा खरा वास आला की लगेच भांडं बदलायचं. तो क्षण चुकला तर वर्षाची जिन गटारात.

शेवटी तिनं सासूला हाक मारली. म्हातारी मार्सली चर्चची कट्टर, दारूच्या बाटलीकडेही बघत नसे.

"आई, पिऊ नका, नुसता वास घ्या."

"मला सैतानाच्या घरी राबवतेस होय गं?" म्हणत ती धारेवर वाकली. "शी! रंगाचा डबा उघडल्यासारखं."

"नव्या वर्षाला गुरांची दृष्ट काढायला गोठ्यात जुनिपरचा धूर करता ना, गुरं खोकेपर्यंत? तसं वाटलं की सांगा."

म्हातारीनं डोळे मिटले. धार वाढली. इशबेलनं दुसरं भांडं जवळ ओढलं.

"आई, उशीर होतोय!"

"गप गं! अजून गुरं खोकत नाहीत."

आणि एकदम तिनं सुनेचं मनगट धरलं. "भरला गोठा. बदल!"

इशबेलनं भांडं सरकवलं. म्हातारी मात्र धारेवरून नाक काढेना.