गालाला लागणारा दस्ता

बाबांच्या दुनाळी बंदुकीचा दस्ता मी तीनदा तासला. तासायला नको होता. दुखणं लाकडाचं नव्हतं, बाबांच्या गालाचं होतं, आणि ते मला कळलं तोवर फार उशीर झाला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकिगत सांगायला बसलो की मला माझ्याच हाताच्या कामाचं कौतुक वाटू लागतं आणि मुद्दा बाजूला राहतो. सुताराचा हा रोग जुना आहे.

बाबा पलटणीतून निवृत्त झालेले. सदर बाजारात एका सराफाच्या दुकानाच्या दारात ते स्वतःची परवान्याची बंदूक घेऊन उभे राहत. आई गेल्यावर मी त्यांना म्हटलं, बीरगांवला माझ्याकडे या. ते ब्राह्मणपाऱ्यातली भाड्याची खोली सोडायला तयार नव्हते. "दारात उभा आहो तवर मानूस आहो," म्हणायचे, "तुह्या घरी येऊन काय, भाजी निवडू?" त्यांचं सगळं त्या दारात होतं. आणि ते दार टिकवायचं तर वर्षातून दोनदा चांदमारीत पास व्हावं लागे. त्यांना कामाला ठेवणाऱ्या एजन्सीचा नियमच तसा होता: पाचांतली तीन काडतुसं निशाणावर लागली नाहीत की माणूस घरी. साठी ओलांडलेल्या माणसाला दुसरी संधी कोण देणार.

राज्य नवं होतं तेव्हा. रायपूर राजधानी झालं आणि रोज कुठलं ना कुठलं ऑफिस उघडू लागलं. प्रत्येकाला टेबलं हवीत, कपाटं हवीत, तीही कालच हवीत. माझ्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नसे. बाबा ती भली मोठी टेबलं पाहून विचारायचे, "टेबल मोठा केला म्हंजे साहेब मोठा होते का?" मला हसू यायचं, पण थांबून हसायलाही वेळ नव्हता.

थंडीतल्या चांदमारीनंतर ते एका रविवारी चादरीत गुंडाळलेली बंदूक घेऊन आले. निशाण लागलं होतं, पण कसंबसं, तीनच. "दस्ता गालाले लागून राहिला. दनका बसते तं डोळ्यात पानी येते."

खरं तर हे काम परवानेवाल्या बंदूक-दुकानातच करायचं असतं. पण तिथे बंदूक आठवडाभर अडकली असती, आणि बंदुकीशिवाय बाबांना दारात कोण उभं करणार. मी म्हटलं, आणा इकडे. बंदूक रिकामी आहे हे त्यांनी मला दोनदा दाखवलं. मग नळ्या उतरवल्या, चापाभोवतीची कडी सोडली, शेवटी वरचा लांब स्क्रू. तो गंजून बसला होता. बाबा माझ्या डोक्यावर उभे. "जो स्क्रू ज्या भोकातला, तो त्याच भोकात गेला पाहिजे. हे तुह्या टेबलाचं काम नाही." दस्ता मागे सरकून हातात आला. अक्रोडाचं लाकूड, पंचवीस वर्षांच्या घामानं काळं पडलेलं. असं लाकूड आमच्या धंद्यात आता बघायला मिळत नाही. मला तर मोहच पडला.

कुठे किती तासायचं हे कळावं म्हणून मी आमची साधी युक्ती केली. दस्त्याच्या वरच्या कडेला ओला गेरू लावला, सगळं परत जोडलं आणि बाबांना नेम धरायला सांगितलं. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला, उचलला. जिथला गेरू निघून आला तिथलं लाकूड जास्त. मी खाली वाकून दस्ता पाहिला. बाबांच्या उजव्या गालावर तांबडा ठसा उमटला होता, तो त्यांनी गमछ्यानं पुसून टाकला. मी कानशीनं कागदाच्या जाडीएवढं लाकूड काढलं, पॉलिश पेपर मारला, जवसाचं तेल चोळलं. बाबा म्हणाले, "आता बरोबर बसला."

उन्हाळ्यात ते पुन्हा आले. पुन्हा तेच दुखणं. मला राग आला. माझं काम परत येत नाही अशी माझी घमेंड होती. मी म्हटलं, "तुम्हीच मान वाकडी धरत असाल." पुन्हा गेरू, पुन्हा कानस. या वेळी लाकडावरची गेरू निघालेली जागा जास्त मोठी होती. मला वाटलं, पहिल्या वेळी गेरू पातळ झाला असेल.

त्या दिवशी बाबा जेवत असताना बायकोनं मला आत बोलावलं. "मामाजी पोळी कुस्करून, एकाच बाजूनं चावून राहिले. दिसत नाही का तुम्हाले?"

"दाढ असन. दुखली तं सांगतील ना."

"ते काहून सांगतील? तुम्ही विचारा."

मी विचारलं नाही. बाहेर एका ऑफिसची गाडी टेबलं न्यायला आली होती. बाबा पलटणीत असल्यापासून गुडाखू लावत, तंबाखू-गुळाची ती काळी लगदी बोटानं हिरड्यांना घासत. आमच्या भागात ती कोण लावत नाही? सकाळी नळावर अर्धी आळी तोंडात बोट घालून उभी असायची. त्यावर कुणी विचार करत नसे, मीही केला नाही. ही सबब नाही, तसं होतं एवढंच सांगतो.

तिसऱ्या वेळी पाऊस संपत आला होता आणि दुसरी चांदमारी पंधरा दिवसांवर होती. बाबा पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. "या वेळी नाही जमलं तं गेलं समज," म्हणाले. मी सगळी कामं बाजूला ठेवली. दस्ता शिकंज्यात धरला आणि गाल टेकतो तिथे चांगली खोलगट खोबण केली, आत अंगठा बसेल एवढी. कडा गोल केल्या. बोट फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. इतकं नाजूक काम मी त्यापूर्वी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. दिवसभर माझा चेहरा बाबांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी लाकूड पाहत होतो.

चांदमारीत पाचाच्या पाच गोळ्या लागल्या. बाबा तिथून थेट बीरगांवला जलेबी घेऊन आले. त्यांनी स्वतः खाल्ली नाही, आम्हाला खाऊ घातली. मी चार खाल्ल्या.

पुढे चार महिने ते सराफाच्या दारात उभे राहिले. मग एका सकाळी आमच्याकडे आले असता त्यांच्या तोंडात चमचा जाईना. बायकोनं मला न विचारता रिक्षा बोलावली.

ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला, आवाज गेला, आणि पुढच्या वर्षी बाबाही गेले. बंदूक विकायला नेली तेव्हा दुकानदारानं दस्ता पाहून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, हा काढून दुसरा बसवावा लागेल. काढलेला त्यानं मला परत दिला.

पण मला राहून राहून आठवतो तो दवाखान्यातला पहिला दिवस. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. बॅटरी लावून त्यांनी बाबांच्या तोंडात पाहिलं. मग मला म्हणाले, चार महिने आधी आणलं असतं तरी काही करता आलं असतं. मी हिशेब मांडला, तो काही अवघड नव्हता. मी काम थोडं वाईट केलं असतं, तर बाबा चांदमारीत नापास होऊन माझ्या घरी येऊन बसले असते. घरी बसले असते तर माझ्या बायकोनं त्यांना आठ दिवसांत इथे आणलं असतं.

डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "बाबूजी, दुखता नहीं था क्या? आए क्यों नहीं?"

बाबांना बोलताना त्रास होत होता, तरी ते ताठ बसले. "दुखता था साहब, बहुत दुखता था. पर मेरे लड़के ने बंदूक का बट ऐसा बना दिया कि दुखना ही बंद हो गया."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांना वाटलं, ते कौतुकानं पाहताहेत. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "यही है वो," म्हणाले. मी मान खाली घातली, आणि तेही त्यांना माझं लाजणंच वाटलं.