न्हय म्हाराजा

शेजारची ती मुलगी पडवीत येरझाऱ्या घालत मोठ्याने अभ्यास करते. चुकलं की स्वतःलाच "गाढवी" म्हणते. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्यांदा तिला फार कमी गुण पडले. "परत बसतली, यश मागा," म्हणत तिच्या आईने देवळात नारळ ठेवला. वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं मीच घालतो. मी मात्र नवरा मागितला, "हिका बरो घोव मिळांदे रे म्हाराजा!"

सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. ती एकटी ओरडली, "न्हय म्हाराजा!"

मी तिला वाडीभर उद्धट ठरवलं.

काल दुसऱ्या परीक्षेचा निकाल लागला. सरकारी कॉलेज नक्की. देवळात सगळ्यांसमोर मी म्हणालो, "ह्या चेडवाचा कायच चुकूक नाय. मीच चुकलंय."

"ठावक आसा, आजोबा," ती हसली. "पेढो घेवा. पण एकच हां, तुमची साखर आता मीच तपासतलंय."