वदादच्या घरची कॉफी

आमच्या गल्लीत वदादच्या कॉफीला नाव होतं. वेलदोडे ती स्वतः कुटायची, साखरेला मात्र हात लावायची नाही. होम्स शहराजवळच्या आमच्या गावात काही मागायला आलेला माणूस कॉफीचा पेला न पिता पुढ्यात ठेवायचा. घरधन्याने "पी" म्हटलं की मागणं मान्य. लग्नं जुळली, भांडणं मिटली, ती अशीच.

सरकारविरुद्ध मोर्चे निघू लागले तेव्हा आम्हा बायकांच्या पुढे वदाद असायची. समोरच्या सैनिकांना पाण्याच्या बाटल्या द्यायची, वर सब्जाचा तुराही. टोपली तिचा मुलगा मुहन्नद उचलायचा. दोन घरं सोडून राहणारा जाहेर हसायचा, "मावशी, वऱ्हाड उतरलंय वाटतं!"

"त्यांनाही आया आहेत रे," ती म्हणायची.

एका शुक्रवारी त्याच सैनिकांनी गोळ्या झाडल्या. वदादचा नवरा पाण्याच्या खोक्यावरच कोसळला. त्याचा चाळिसावा दिवस झाला आणि मुहन्नद, जाहेरने सरकारशी लढायला जमवलेल्या बंदूकवाल्यांत सामील झाला.

वदाद मला घेऊन जाहेरकडे निघाली. मुलगा परत मागायचा, जाहेर "पी" म्हणेपर्यंत कॉफीला शिवायचं नाही, हे तिने वाटेतच ठरवलं होतं. पण जाहेरही आमच्याच गल्लीत वाढलेला. त्याने कॉफी मागवलीच नाही. पाणी दिलं, गुडघेदुखीची चौकशी केली. तिने तोंडाने मागितलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, तो आता मोठा झालाय, मावशी. परतताना ती एवढंच बोलली, "मेल्याने घोटभर कॉफीसुद्धा विचारली नाही."

जर्दाळू पिकले त्या आठवड्यात मुहन्नद मारला गेला.

सुतकाची माणसं पांगल्यावर जाहेर आला. वदादने नेहमीसारखी कॉफी ओतली. त्याने पेला खाली ठेवला.

"काय हवंय?"

"माफी, मावशी."

ती शांतपणे म्हणाली, "तुझ्याकडची उरलेली पोरं त्यांच्या आयांकडे धाड. मग म्हणते, पी."

जाहेरने डोळे पुसले. "ते आता माझ्या हातात राहिलेलं नाही."

तो गेल्यावर मी पेला उचलायला वाकले, तर तिने माझं मनगट धरलं. "राहू दे. पोरं परतली की येईल तो प्यायला."

आम्ही गाव सोडलं तेव्हाही पेला तिथेच होता, तळाशी गाळ वाळलेला.