न दचकणारा ससा

आमच्या शेजारच्या आबांइतका मऊ मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका दणदणीत आवाज दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून निघालेला ऐकला नाही. ह्या दोन गोष्टी एकाच देहात घालून देवाने नेमकं काय साधलं, हे मला अजून कळलेलं नाही. तीस वर्षं त्यांनी कापसाच्या जिनमध्ये काढली होती. तिथे यंत्रांची धडधड अशी, की शेजारच्याला सांगायचं तरी ओरडायचं, नाहीतर सरळ हातवारे करायचे. आबा निवृत्त होऊन जळगावच्या मेहरूणला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा जिन मागे राहिली आणि आवाज तेवढा बरोबर आला. ते आपल्या बायकोकडे, अक्कांकडे, मीठ मागत आणि आमच्या घरात माझी बायको उठून उभी राही. एकदा ओट्यावर बसून त्यांनी मला कानात एक गुपित सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीवर त्याचीच चर्चा चालली होती. स्वतः आबांना ह्यातलं काही जाणवत नसे. ‘धीरेच तं बोलस मी,’ असं ते म्हणत, आणि पिंपळावरचे कावळे उडत.

हसण्यासारखंच होतं सगळं, पण नातीचं काय झालं ते कळल्यापासून मला पहिल्यासारखं हसता येईना. त्यांचा एकुलता एक मुलगा सुरतेला असे. त्याची मुलगी अडीच वर्षांची असताना पहिल्यांदा मेहरूणला आली. आबा आनंदाने ‘उनी व मनी माय!’ म्हणून धावले आणि पोर अशी किंचाळली की तिला रात्रीपर्यंत ताप भरला. चार दिवस ती आईच्या पदराबाहेर आली नाही. पाचव्या दिवशी सूनबाई तिला घेऊन परत गेल्या. पुढची दोन वर्षं पत्रं येत होती, नात येत नव्हती. कुणी कुणाला दोष दिला नाही. आबा मात्र ओट्यावर बसून स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवत राहत.

मग एके दिवशी त्यांनी धुळ्याच्या एका जुन्या सोबत्याकडून दोन पांढरे ससे आणले. ‘लहान जिवाला माझ्या आवाजाची सवय होते का, ते बघायचं, सशाला झाली तर नातीलाही होईल,’ असा त्यांचा साधा हिशेब होता. एक ससा पहिल्याच हाकेला धान्याच्या कोठीमागे शिरला तो दोन दिवस बाहेर येईना, शेवटी त्याला परत पाठवावं लागलं. दुसरा जागचा हलला नाही. आबा त्याच्या डोक्यावर उभे राहून गरजले, तरी तो शांतपणे लसूणघास चावत राहिला. आबांनी त्याचं नाव फौजदार ठेवलं. रोज सकाळी ते त्याला मांडीवर घेऊन बसत आणि नातीला सांगायच्या सगळ्या गोष्टी त्याला सांगत. ससा नाक हलवत बसे. सारी गल्ली कानांवर हात ठेवून हे कौतुक बघत असे.

एकदा गल्लीतून लग्नाची वरात गेली. फटाक्यांची माळ आमच्या दारासमोरच लावली. कुत्री पळाली, शेजारची शेळी दावं तोडून गेली आणि फौजदार ओट्यावर बसून दोन्ही पायांनी तोंड पुसत राहिला. आबांच्या आनंदाला उधाण आलं. ‘देखं का मास्तर? बठ्ठी गल्ली भ्यायनी, मना फौजदार नही भ्यायना! आते पोरले बी सवय व्हई जाई. आजच पत्र लिखस!’

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. चुकीचं काही ऐकलं की ते खोडून काढल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे. घरातून पितळेची थाळी आणली, सशाच्या पाठीमागे उभा राहिलो आणि चारचौघांच्या देखत ती उलथन्याने बडवली. सशाचा कान बारीक खुट्ट झालं तरी वळतो, फौजदाराचा तसूभर हलला नाही. ‘आबा,’ मी वर्गात सांगतात तसं सांगितलं, ‘तुमचा ससा शूर नाही. ठार बहिरा आहे तो.’ दोघंतिघं हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी ससा उचलला आणि ते आत गेले. अक्कांनी माझ्या हातातली थाळी काढून घेतली आणि हळूच विचारलं, ‘मास्तर, हाई सांगीसन तुमले काय भेटनं?’

दोन दिवस शेजारून आवाज आला नाही. गिरणीवाला चौकशी करून गेला. तिसऱ्या दिवशी आबा फौजदाराला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात गेले. जन्मभर म्हशी तपासलेल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, पण पुढे असंही म्हणाले, की ह्याला कान नसले तरी जमिनीचा हादरा पायांना कळतो. मागून येऊन उचलू नका, नुसत्या दचकण्याने ससा मरतो. समोरून या, खाली बसा, हात पुढे करा आणि तो येईपर्यंत थांबा.

आबांनी ह्याचा कायदाच केला. घरात शिरणाऱ्याने उंबऱ्याशी दोनदा पाय आपटायचा, मग समोरून यायचं. दूधवाला पाय आपटून दूध घाली, पोस्टमन पाय आपटून पत्र देई, मी तर अपराधी म्हणून तीनदा आपटत असे. स्वतः आबा तासन्‌तास जमिनीवर बसत, तळहाताने फरशीवर दोन थापा मारत आणि घासाची काडी धरून वाट बघत. बोलण्याचा तिथे उपयोग नव्हता, म्हणून हळूहळू त्यांचं बोलणंच सुटलं. जिनमधले हातवारे परत आले. पाणी हवं असलं की ते अक्कांना अंगठा दाखवत. गल्ली शांत झाली आणि कुणालाच ती आवडेना.

अक्कांनी सुरतेला पत्र घातलं आणि मे महिन्यात नात आली. पाच वर्षांची झाली होती, तरी दारातच आईला बिलगली. आबा उठले नाहीत. समोर जमिनीवर बसून त्यांनी फरशीवर दोन थापा मारल्या, मुरमुऱ्याची मूठ उघडून पुढे धरली आणि खाली बघत राहिले. पहिल्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. मग पंधरा दिवस ती, ससा आणि आबा एकाच गोणपाटावर बसत. पंधरा दिवसांत आबांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. जायच्या आदल्या दिवशी तिने माझ्यासमोर आईला विचारलं, ‘आई, आबांना बोलता येत नाही का गं?’ आबा शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवून ‘नाही’ म्हटलं, आणि मला माझी ती थाळी आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जळगाव स्टेशनवर सुरत पॅसेंजर सुटली. इंजिनाचा भोंगा, चाकांचा खडखडाट, हमालांची आरडाओरड, सगळा जिनसारखा कल्लोळ. आबांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो एकदम घट्ट झाला, आणि कित्येक महिने कोंडलेला तो आवाज बाहेर पडला. ‘लवकर ये व माय!’ फलाटावरची माणसं वळून बघू लागली. गाडी वळणाआड गेली. आबांना लांबचं नीट दिसत नव्हतं.

‘तिनी आयकं का, मास्तर?’

मला दिसलं होतं. पोर पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून केळं खात होती. तिने वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

‘ऐकलं, आबा,’ मी म्हणालो. ‘दचकली नाही.’

मेहरूणपर्यंत आबा मोठमोठ्याने बोलत आले. टांग्याचा घोडा दोनदा बुजला. पावसाळ्यात फौजदार गेला आणि संक्रांतीच्या आत आबाही गेले. त्यांची नात आता मोठी झाली असेल. कधी भेटली, तर त्या दिवशी तुला हाक ऐकू आली होती का, हे विचारावंसं फार वाटतं. पण मी विचारणार नाही.