उलटी चकती

सव्वीस वर्षं मी एकच काम करतो. प्रयोगशाळेतल्या लांबलचक यंत्रात चिनी मातीसारख्या पांढऱ्या चकत्या बसवायच्या आणि त्यांच्यावर आयनांचा मारा करायचा. आयन म्हणजे विजेचा भार असलेले अणू. ते वेगाने आदळले की चकतीतले काही अणू जागचे उडतात, तिथे रिकाम्या जागा राहतात. मग लेसर टाकला की त्यातल्या काही जागा मंद उजेड देतात. बिघाड करण्याचा पगार घेणारे आपण एकटेच, असं मी पाहुण्यांना ऐटीत सांगतो. बायको म्हणते, त्यासाठी एवढं लांब जायला नको होतं, घरचा नळ पुरला असता.

माझी दुसरी ऐट म्हणजे माझ्या हातून चूक होत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं की लोकांनी माझं काम तपासायचंच सोडून दिलं.

आयन केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाइतकेच आत जातात. त्यामुळे मारा चकतीच्या घासून गुळगुळीत केलेल्या बाजूवरच व्हायला हवा; संशोधक उजेड तिथेच शोधतात. मागची बाजू कळावी म्हणून कारखाना तिच्यावर पेन्सिलीची बारीक रेघ मारून पाठवतो. चाळिशी ओलांडल्यावर मला ती रेघ दिसेनाशी झाली. बायकोने चष्मा करून आणला, मी तो खणात टाकला. चार लोकांत म्हातारा कोण दिसणार? नाहीतरी चकत्या डबीत घासलेली बाजू वर करूनच येतात, उचलायच्या आणि लावायच्या.

मध्यंतरी एका नव्या पदार्थाच्या चकत्या येऊ लागल्या; तो विषय आधी शिडीचा होता. शिडी म्हणजे आमचा सहा फुटी संशोधक. यातून उजेड निघणारच, असं त्याचं गणित सांगत होतं. दोन वर्षं मी चकत्या लावल्या, त्याने तपासल्या, आणि दर वेळी अंधार. शेवटी आपलंच गणित चुकलं असं लिहून देऊन तो गेला. आता मेहुण्याच्या दुकानात फरश्या विकतो. सगळ्यांनाच जमतं असं नाही, अशी समजूत निरोपाच्या चहाला मीच त्याची काढली होती. पाठीवर हातसुद्धा ठेवला होता.

त्याच्या जागी आलेल्या डॉक्टरबाईंनी चार चकत्या दिल्या आणि सांगितलं, यातही काही निघालं नाही तर विषय कायमचा बंद. काही निघालं नाही.

त्या सकाळी बायकोने चष्मा माझ्या खिशात कोंबला होता. चकत्या परत डबीत भरताना, आसपास कुणी नाही असं पाहून मी तो नाकावर चढवला. माऱ्याचा पुसट तपकिरी डाग होता, पण रेघेच्या बाजूला. चारही चकत्यांवर. या पदार्थाच्या चकत्या कारखाना डबीत पालथ्या भरत होता, आणि मी सवयीने तशाच लावत होतो. पहिल्या दिवसापासून.

तासभर मी कारखान्याला, पेन्सिलीला आणि डोळ्यांच्या डॉक्टरला दोष देऊन पाहिला. कुणावरच तो टिकेना. मग बाईंच्या खोलीत गेलो.

"चकत्या मी उलट्या लावल्या," मी म्हणालो. "शिडीच्याही."

बाईंनी एक चकती उलटी करून लेसरखाली ठेवली. इतके दिवस पडद्यावर आडवी पडलेली, उजेड मोजणारी रेषा उभी राहिली. बाई म्हणाल्या, हे त्याला तुम्हीच सांगायचं.

मी लगेच फोन लावला. माफी कशी मागायची याचे दोन-तीन नमुने मनात तयार होते, ते सगळे विसरलो. चकती उजळते आहे, आधी मी उलटी लावत होतो, एवढंच कसंबसं बोललो. लाजेने कान तापले होते. आता तो शिव्या देईल, असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कोणत्या रंगाचा उजेड आहे?" त्याने विचारलं.

"नारिंगी."

"हो," तो म्हणाला. "गणितात तोच येत होता." त्याच्या मागे कुणीतरी न्हाणीघरासाठी पांढरी फरशी दाखवायला सांगत होतं.