संगमात सोडलेला चष्मा

त्या गुरुवारी संध्याकाळी माझ्या यजमानांनी कुलदैवताच्या पोथीचा बारावा अध्याय वाचला, खूण ठेवली आणि पोथी मिटली. शुक्रवारी सकाळी ते गेले.

आम्हा दोघांत वाचायचा चष्मा एकच होता. चाळिशीनंतर दोघांनाही जवळचं दिसेनासं झालं, नंबर सारखाच निघाला, आणि दुसरा करायचा राहूनच गेला. मी रहिमतपूरच्या शाळेत ग्रंथपाल. दिवसभर चष्मा माझ्याकडे, संध्याकाळी त्यांच्याकडे. फौजेतून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी ते मोठ्याने पोथी वाचायचे आणि मी गवार निवडत ऐकायची. दीर अस्थी घेऊन माहुलीच्या संगमावर निघाले, तेव्हा मी तो चष्मा रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

"वैनी, ह्यो कशाला?"

"त्यांना वाचायला लागेल," मी म्हणाले.

दिरांनी रुमाल अस्थींच्या कलशाजवळ ठेवला. चष्मा कृष्णेत गेला.

सुतक फिटल्यावर पहिल्या गुरुवारी पोथी उघडली तेव्हा कळलं, मी काय करून बसले. नवा चष्मा केला. पण तो नाकावर बसला की थोड्या वेळाने हात आपोआप वर जायचा, चष्मा काढून त्यांच्यापुढे धरायला. घ्यायला कोणी नसायचं. मग अक्षरं पाण्यात जायची. सहा महिन्यांत एक पानही पुढे गेलं नाही. वर्षश्राद्धाआधी त्यांचं पारायण पुरं करायचं एवढंच मनात होतं, आणि अर्ध्यावरून माणूस उचलून नेणाऱ्या देवाचा रागही होता. तो कोणाला सांगण्यासारखा नव्हता.

चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून लेसर करतात, असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. मी सांगलीला एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी समजावलं की लेसर एकाच डोळ्याला करायचं. डावा जवळचं पाहील, उजवा लांबचं, मेंदू हळूहळू जुळवून घेईल. सगळ्यांना ते मानवतंच असं नाही, हेही सांगितलं. आधी काही दिवस डाव्या डोळ्यात लेन्स घालून फिरायला लावलं. ते जमलं, तरी माझी झोप उडाली. आहे तेवढी नजरही बिघडली तर? धाकटी जाऊ भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "आवं ताई, ह्या वयात डोळं तरणं करून कुणाकडं बघायचंय तुमास्नी?" मी हसले. पण ते लागलं. हा हट्ट पोथीसाठी आहे की माझ्यासाठी, हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

ठरलेल्या दिवशी डोळ्यात थेंब घातले, पापण्या अडकवल्या. वरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहा, एवढंच काम. मला तेच जमेना. मी जितका डोळा रोखावा तितका तो पळे. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "थांबू या. बाहेर बसा थोडं. नाहीच जमलं तर आज राहू दे."

बाहेर बाकावर काळा चष्मा घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. कवठे महांकाळच्या, आदल्या दिवशी मोतीबिंदू काढला होता आणि तपासायला आल्या होत्या.

"लय भ्यालीस व्हय?"

"डोळा स्थिर राहत नाही हो, आजी."

"तू कशाला धरून ठिवतीस त्येला? म्या सांगितलं देवाला, डोळा तुजा हाय, तू बघ. मी आपली गप पडते." मग जरा हसून म्हणाल्या, "पडले आन घोरायलाच लागले! डाक्टर म्हनला, आजी, जाग्या ऱ्हावा."

मलाही हसू आलं, किती दिवसांनी कोण जाणे. "डोळं झालं की काय बघनार?" त्यांनी विचारलं. मी पोथीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्सं ऐकलीस न्हवं? म्हन की मनात. त्याला कुटं डोळं लागत्यात?"

मी पुन्हा आत गेले. पहिल्या अध्यायाच्या ओळी मनात सुरू केल्या. मला वाटलं होतं आठवणार नाहीत. त्या आल्या, आणि यजमानांच्याच आवाजात आल्या, मध्ये घसा खाकरण्यासकट. मी हिरव्या ठिपक्याकडे बघत होते की नाही, ठाऊक नाही. मी ऐकत होते. "झालं," डॉक्टर म्हणाले, तेव्हा पाच-सात ओळीही झाल्या नव्हत्या.

बाहेर आले तर बाक रिकामा. आजी कवठ्याची एसटी गाठायला गेल्या, असं तिथल्या नर्सने सांगितलं. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.

पहिले काही आठवडे सगळं धूसर, डोळा कोरडा, आणि भीती तशीच. मग एका सकाळी तांदूळ निवडताना खडा दिसला. तेराव्या अध्यायापासून मी सुरुवात केली. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पोथी पुरी झाली. घडलं ते कोणाच्या कृपेने, याचा मी काथ्याकूट करत नाही. जे मी घट्ट धरून बसले होते ते सोडल्यावर माझ्या कानात साठलेलं मला परत मिळालं, एवढं खरं. त्या आजींसाठी रोज एक दिवा लावते. देवावरचा राग कधी गेला, तेही कळलं नाही.

उजवा डोळा मिटला की पोथीतली अक्षरं स्पष्ट दिसतात. डावा मिटला की समोरच्या भिंतीवरचा त्यांचा फोटो. गुरुवारी मी दोन्ही उघडे ठेवून मोठ्याने वाचते.