तीन खोल्यांची एकच बायको

निवृत्तीनंतर माणूस पुष्कळ विसरतो. मी तर नावं विसरतो, कलमं विसरतो, चष्मा कुठं ठेवला तेही विसरतो. पण तीन नवऱ्यांची ती बाई अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. नाव मात्र कुणाचंच सांगणार नाही. त्यातल्या काहींचे संसार अजून सांगलीत आहेत.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी मूळचा वाईकडचा, सांगलीत एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी उरकून चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच एक निवृत्त गृहस्थ आत आले. पांढरा सदरा, हातात छत्री, घामाघूम चेहरा. त्यांना इथं काकाच म्हणतो. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, माझ्या भाडेकरूची बायको दुसऱ्याचीच बायको आहे."

"काका, असल्या भानगडी घरातच मिटवाव्यात. ठाण्यात कशाला आणता?"

"अहो, आधी ऐकून तर घ्या!"

काकांच्या घरामागच्या खोलीत एक नेपाळी तरुण राहायचा. चायनीजच्या गाडीवर कामाला होता. खोली घ्यायला आला तेव्हा बायको बरोबर होती. आठवड्याभरात ती आईच्या आजारपणासाठी मुलखाला गेली म्हणाला, ती परत आलीच नाही. आणि आदल्या दिवशी काका मेहुण्याकडं सत्यनारायणाला गेले, तर मेहुण्यानं मोठ्या कौतुकानं आपले नवे भाडेकरू दाखवले. "हे नेपाळचे. फॅमिलीवाले आहेत." फॅमिली म्हणजे हीच बाई! नवरा मात्र भलताच. काकांना बघून तिनं पदर ओढला, पण तिच्या डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग काकांनी बरोबर ओळखला.

मी आमच्या हवालदारांना चौकशीला पाठवलं. कुंडलचा माणूस, नोकरीत माझ्याहून जुना, तोंडानं फटकळ. दुसऱ्या दिवशी ते टोपी काढून वारा घेत आले.

"साहेब, आनखी एक नवरा घावला. मिरज रस्त्याला. हळदीच्या गोदामावर राखणदार हाय. घरमालकीण म्हणती, त्याची बायकू बाळातपणाला गेलीया. हातावर डाग व्हता का म्हणून इचारलं, तर व्हय म्हणली. बाळातपणाला गेलेली बाई परवा पूजेचा शिरा खात व्हती की वो!"

मी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं. ते खुर्चीतून न हलता म्हणाले, "तीन घरं, तीन माणसं, एक बाई. उघड अनैतिक व्यापार आहे. शिवाय परदेशी आहेत, तोही कायदा लागतो का बघा." तो कायदाही मी बघितला. नेपाळी माणसाला इकडं यायला पासपोर्ट लागत नाही आणि राहायला परवाना लागत नाही. देश परका आणि माणूस मात्र मोकळा, म्हणजे धरायचं कशात?

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनाही ठाण्यात आणलं. हातावरच्या डागावरून बाईचा माग काढला, तर ती एका कॉलनीत धुणीभांडी करत होती, तिथून महिला पोलीस तिला घेऊन आली. काका बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसले, निकाल ऐकल्याशिवाय उठणार नाही म्हणाले.

तिघांना वेगवेगळं बसवून मी एकच प्रश्न विचारला, ही कोण? तिघांचं उत्तर एकच, "मेरी घरवाली है, साब." तिचं नाव विचारलं, तर तिघांनी तीन नावं सांगितली. माहेर विचारलं, तर तीन गावं. लग्न कधी झालं विचारलं, तर एक म्हणाला थंडीत, दुसरा म्हणाला दसऱ्याला आणि तिसरा नुसताच छताकडं बघत बसला. बाईला विचारलं, "यातला तुझा नवरा कोण?" तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

माझं डोकं गरगरायला लागलं. गुन्हेगार खोटं बोलतात, त्यात नवल नाही. पण ठरवून खोटं बोलणारी माणसं निदान एकमेकांशी जुळवून घेतात. टोळी असती तर बाईचं नाव तरी एक ठेवलं असतं! इथं कशाचा कशाला मेळ नव्हता.

पंच घेऊन तिन्ही खोल्या बघितल्या. प्रत्येक खोलीत एक ताट, एक पेला, दोरीवर दोन शर्ट आणि दाढीपुरता आरसा. बांगडी नाही, कुंकवाची डबी नाही, केसांचा साधा आकडासुद्धा नाही. शेजाऱ्यांना विचारलं, तर इथं बाईमाणूस कधी राहिलेलंच नाही म्हणाले. म्हणजे धंदा म्हणावा तर गिऱ्हाईक नाही, आणि संसार म्हणावा तर बायको नाही. मग ही बाई राहते तरी कुठं?

"संध्याकाळच्या आत गुन्हा दाखल करा," मोठ्या साहेबांचा निरोप आला. बातमीदार फाटकाशी घोटाळायला लागले होते. मी बाईसमोर खुर्ची ओढून बसलो.

"बाई, तुझ्यावर काय लिहिलं जाणार आहे ते कळतंय का? उद्या पेपरात येईल. मग भांडी घासायलासुद्धा कुणी दारात उभं करणार नाही."

तिनं पहिल्यांदा मान वर केली. भांडी घासता घासता उचललेली आमच्या सांगलीची मराठी बोलली ती. "ल्हिवा, सायेब. पन पोरांच्या खोल्या तेवढ्या जाऊ दिऊ नका."

मी बघतच राहिलो. अहो, नवऱ्यांना कुठली बाई पोरं म्हणते?

तेवढ्यात दारात कडक सलाम वाजला. आमच्या हद्दीत रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा होता, ठाण्यात सगळ्यांच्या ओळखीचा. बरोबर शाळेच्या गणवेशातली त्याची मुलगी. "साब, मेरी घरवाली सुबह से घर नहीं आयी," तो म्हणाला, आणि पोरगी त्याचा हात सोडून पळत सुटली ती थेट त्या बाईच्या गळ्यात पडली.

"आयला!" हवालदार ओरडले. "साहेब, ह्यो चौथा! आता मुंडावळ्याच मागवतो."

मला हसू आवरेना आणि तिकडं बाईला रडू आवरेना. मग गुरख्यानं सगळं सांगितलं. बस म्हटलं तरी बसला नाही. तो सांगलीत नवा आला, तेव्हा खोलीसाठी दारोदार फिरला होता. पहिला प्रश्न सगळीकडं एकच, फॅमिली आहे का? एकट्याला खोली नाही. एक अख्खा पावसाळा त्यानं दुकानांच्या फळ्यांवर काढला. गावी जाऊन बायकोला आणलं आणि आल्या आल्या खोली मिळाली. पुढं गावाकडची पोरं एकेक करून आली, तीही तशीच फळ्यांवर झोपायला लागली. तिला ते बघवेना. मग ज्याला खोली हवी त्याच्याबरोबर ती तासाभरासाठी बायको म्हणून जायची, मालकिणीशी चार शब्द बोलायची आणि नंतर 'मुलखाला' जायची.

"आधी का नाही सांगितलंत?" मी खेकसलो.

गुरख्यानं बाहेरच्या बाकाकडं बोट केलं. मालक तिथंच बसले होते. खरं बोललं की खोली गेली. तिघांच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये म्हणून ही बाई दिवसभर असला कलंक अंगावर घेऊन गप्प बसली होती!

काकांना सांगणं भाग होतं, तक्रार त्यांची होती. ते तिरमिरीत उठले. "म्हणजे मला फसवलं! आजच्या आज खोली खाली करायला लावतो!" पोरगा हात जोडून भिंतीला टेकला. बाई मुलीला कडेवर घेऊन पुढं आली.

"काका, म्या तुमच्या खोलीत येक रात बी ऱ्हायली न्हाई. येवढे म्हैने पोरगं येकटंच हाय. कवा दारू पिऊन आलं? कुनाकडं वाकडं बघितलं?"

"नाही... तसं नाही. आमच्या हिच्या गुडघ्याचं दुखणं, तर पाणीसुद्धा तोच भरून देतो."

"मंग बिगरफॅमिलीचं वाईट काय झालं वो?"

काकांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. शेवटी "मंडळींना विचारून सांगतो" असं पुटपुटत ते बाहेर पडले. मंडळी काय म्हणाल्या कुणास ठाऊक, पण खोली राहिली. मेहुण्यानं मात्र आपल्या भाडेकरूला त्याच आठवड्यात बाहेर काढलं. तो बोचकं घेऊन काकांच्याच खोलीत पहिल्याजवळ राहायला गेला. काकांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्याच्या घरमालकिणीला हवालदारांनी परस्पर सांगून टाकलं, "बाळातपण लांबलंय जरा."

स्टेशन डायरीत मी 'गुन्हा निष्पन्न होत नाही' असं लिहिलं आणि मोठ्या साहेबांची बोलणी खाल्ली. पण मनातला गोंधळ काही मिटेना. बाई खोटं बोलली होती, तरी खोटारडी नव्हती. काका सरळमार्गी होते, आणि खोटं बोलायला लावलं ते त्यांच्याच दारानं. आयुष्यभर खरं-खोटं वेगळं करायचा पगार घेतला, इथं मात्र मला ते करता येईना.

पुढं साताऱ्याला बदली झाली. पोलीस लाइनीत खोली रिकामी नव्हती, म्हणून बायकोला घेऊन घरं बघत हिंडलो. पोलीस म्हटलं की मालकांचे चेहरे पडायचे. खोली कालच गेली म्हणायचे, आणि 'भाड्याने देणे' ही पाटी तर दारावर तशीच! फॅमिली बरोबर असून ही तऱ्हा. चप्पल झिजवून एका दारात उभे राहिलो, साध्या कपड्यात. मालकीणबाईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे कुठं असतात नोकरीला?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आमची सौ. म्हणाली, "कचेरीत कारकून आहेत."

मालकीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी, सरकारचा फौजदार, मान डोलावून म्हणालो, "होय, कारकूनच."

खोली मिळाली. साताऱ्यात असेपर्यंत मी गणवेश ठाण्यातच चढवला आणि ठाण्यातच उतरवला.